तलाव हिरवागार का झालाय? शेवाळ बघून पाण्याची तब्येत ओळखायची, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी सगळ्या स्टेप्स

सोलापुरात कुठल्याही कॉलेजला बॉटनी नाहीतर एन्व्हायर्नमेंटल सायन्स घेतलं की प्रोजेक्टच्या वेळी चारातल्या दोघांना तलाव मिळतो. कुणाला सिद्धेश्वर तलाव, कुणाला संभाजी तलाव म्हणजे आपला कंबर तलाव, कुणाला हिप्परग्याचा एकरूख, आणि ज्यांच्याकडे गाडी आहे ते उजनीच्या बॅकवॉटरपर्यंत जातात. मग "फायटोप्लँक्टन काढा आणि वॉटर क्वालिटी सांगा" एवढं एक वाक्य हातात येतं आणि पुढचं आपलं आपण. मी यातून गेलोय, पहिले तीन महिने चुकीच्या पद्धतीने गेले, म्हणून ज्या क्रमाने करायला पाहिजे होतं त्या क्रमाने सगळं लिहितोय. कॉलेजचे नसाल, नुसती तलावाची काळजी वाटणारे असाल तरी पहिल्या पाच स्टेप्स तुम्हाला जमतील.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घेऊ. फायटोप्लँक्टन म्हणजे पाण्यात तरंगणारं, डोळ्याला एकेकटं न दिसणारं शेवाळ, मराठी पुस्तकात वनस्पती प्लवक म्हणतात. जलपर्णी वेगळी, ती मोठी झाडं आहेत, आणि टिकलीएवढी हिरवी पानं पसरतात ते डकवीड, तेही शेवाळ नाही. लोक तिन्हीला सरसकट "शेवाळ आलंय" म्हणतात, तुम्ही रिपोर्टमध्ये म्हणू नका.

नायट्रेट-फॉस्फेटची टेस्ट करता येत असताना शेवाळ कशाला बघायचं, असं मलाही वाटायचं. पण बाटलीतलं पाणी फक्त त्या सकाळचं सांगतं. काल रात्री नाल्यातून काय आलं आणि सकाळपर्यंत वाहून गेलं ते त्यात दिसेलच असं नाही, आणि फॉस्फेट तर शेवाळ इतक्या पटकन खाऊन टाकतं की पाणी हिरवंगार असताना विरघळलेलं फॉस्फेट टेस्टमध्ये जवळजवळ शून्य येऊ शकतं. शेवाळ मात्र गेल्या काही दिवसांत, आठवड्यांत जे मिळालं त्यावर वाढलेलं असतं. कोण वाढलंय आणि कोण गायब झालंय, यात उत्तर असतं.

१. परवानगी आणि कागदपत्रं

तलाव कुणाच्या ताब्यात आहे ते आधी विचारा. महापालिका, पाटबंधारे खातं, ग्रामपंचायत, देवस्थान, यातलं कुणीही असू शकतं, आणि मासेमारीचा ठेका वेगळ्या सोसायटीकडे असतो. हे लागतं:

- डिपार्टमेंटच्या लेटरहेडवर एचओडींच्या सहीचं पत्र, त्यात तारखा आणि जागा लिहिलेल्या
- कॉलेजचं आयकार्ड आणि आधारची झेरॉक्स
- अर्जाची दुसरी कॉपी, तिच्यावर आवक शिक्का मारून घ्या

शिक्क्याची कॉपी कायम बॅगेत ठेवा. काठावर बाटल्या घेऊन उभं राहिलं की लोक विचारतातच, आणि ते बरोबरच आहे, तलाव त्यांचाही आहे. नावेसाठी मासे धरणाऱ्या मामांशी नीट बोला. पाणी कुठल्या महिन्यात रंग बदलतं, कुठल्या बाजूला वास येतो, मासे कधी मेले होते हे त्यांना तुमच्यापेक्षा दहापट जास्त माहीत असतं, ते सगळं वहीत तारखेसकट लिहून घ्या.

२. सामान

- एक लिटरच्या स्वच्छ बाटल्या, प्रत्येक जागेसाठी दोन, आणि जिवंत सॅम्पलसाठी छोट्या बाटल्या
- प्लँक्टन नेट, जाळीचं भोक २० ते २५ मायक्रॉनचं
- लुगोल आयोडीन (सॅम्पल टिकवायचं द्रावण), गडद काचेच्या बाटलीत
- सेक्की डिस्क (पाणी किती पारदर्शक आहे ते बघायची थाळी), थर्मामीटर, पीएच मीटर किंवा निदान पट्ट्या
- ग्लोव्हज, लाइफ जॅकेट, दोरी, पेन्सिल, जाड कागदाच्या चिठ्ठ्या
- थर्माकोलचा बॉक्स आणि आइसपॅक
- मायक्रोस्कोप, स्लाइड, कव्हरस्लिप, सेजविक राफ्टर सेल (पेशी मोजायची खास स्लाइड)

सेक्की डिस्क विकत घ्यायची गरज नाही. २० सेंमी व्यासाची स्टीलची थाळी घ्या, चार भाग करून एकाआड एक काळा-पांढरा ऑइलपेंट मारा, मधे भोक पाडून दोरी बांधा, खाली वजन लावा आणि दोरीवर दर १० सेंमीला खूण करा. इटलीच्या अँजेलो सेक्कींनी १८६५ मध्ये ही पद्धत आणली, आणि आजही जगभरात हीच वापरतात.

लुगोल लॅबमध्ये बनवता येतं: २०० मिली डिस्टिल्ड वॉटर, २० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, १० ग्रॅम आयोडीन, २० मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड. पोटॅशियम आयोडाइड आधी थोड्या पाण्यात विरघळवा, मग आयोडीन टाका. उलटं केलं तर आयोडीन तळाशी तसंच बसून राहतं, साध्या पाण्यात ते विरघळत नाही. आणि घरातल्या लोणच्याच्या नाहीतर शेंगा चटणीच्या रिकाम्या बरण्या सॅम्पलला वापरू नका, कितीही धुतल्या तरी तेलाचा अंश राहतो.

३. सॅम्पल घ्यायला कधी जायचं, कुठून घ्यायचं

वेळ एकच ठेवा. मी सकाळी ८ ते १० ठेवली होती. कारण दिवसभरात तलाव पूर्ण बदलतो, दुपारी शेवाळ जोरात ऑक्सिजन सोडतं आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं म्हणून पीएच ९ च्या वर जाऊ शकतो, आणि रात्रभर तेच शेवाळ ऑक्सिजन खातं म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. ढगाळ हवेनंतर सकाळी मासे मेलेले दिसतात त्याचं एक मोठं कारण हेच. मग एका महिन्यात सकाळी आणि पुढच्या महिन्यात दुपारी गेलात तर फरक तलावाचा आहे का घड्याळाचा, ते कळणारच नाही.

जागा निदान तीन घ्या: नाला किंवा ओढा येतो तिथली, मधली, आणि पाणी बाहेर पडतं तिथली. काठावरचा हिरवा तवंग मगाने भरून आणणे ही सगळ्यात कॉमन चूक आहे. वारा ज्या काठाकडे वाहतो तिकडे तवंग गोळा होतो, तिथलं सॅम्पल म्हणजे अख्खा तलाव नव्हे. तवंगाचं सॅम्पल जरूर घ्या पण वेगळ्या बाटलीत, "तवंग" असं लिहून.

मधल्या जागेसाठी प्लंबिंगचा एक इंची दोन मीटर पाइप वापरा. सरळ उभा हळूहळू पाण्यात सोडायचा, वरचं तोंड रबरी बुचाने बंद करायचं, वर ओढायचा आणि खालचं तोंड पाण्याबाहेर यायच्या आत हाताने बंद करून बादलीत रिकामा करायचा. अशाने वरपासून खालपर्यंतचं पाणी मिक्स होऊन मिळतं. दोन-तीनदा करा, बादली ढवळा, मग त्यातून बाटल्या भरा.

आणि नेटचं. नेट ओढून आणलेलं सॅम्पल फक्त ओळखायला वापरा, मोजायला नाही. बारीक पेशी, क्लोरेलासारख्या, जाळीतून सरळ निघून जातात. मी पहिले तीन महिने फक्त नेटवर मोजलं आणि ते सगळे आकडे टाकून द्यावे लागले. मोजायला अख्खं पाणीच लागतं.

नावेत आहात तोवर सेक्की घ्या. नावेच्या सावलीच्या बाजूने थाळी सोडा, दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना परत दिसते ती खोली, दोन्हीची सरासरी. कार्लसन या शास्त्रज्ञाने १९७७ मध्ये यावरून ट्रॉफिक स्टेट इंडेक्स दिला: ६० वजा १४.४१ गुणिले खोलीचा नॅचरल लॉग, खोली मीटरमध्ये. एक मीटर आली तर इंडेक्स ६०, ४० सेंमी आली तर साधारण ७३. ५० च्या वर म्हणजे पाण्यात खत (नायट्रोजन-फॉस्फरस) जास्त झालंय, ७० च्या वर म्हणजे फारच. पण पावसाळ्यात गाळानेही थाळी दिसत नाही, तेव्हा हा इंडेक्स शेवाळाबद्दल काही सांगत नाही, पाणी चहासारखं दिसत असेल तर तो आकडा त्या अर्थाने वापरू नका.

सेफ्टी थोडक्यात: एकटं जायचं नाही, लाइफ जॅकेटशिवाय नावेत बसायचं नाही, हिरव्या तवंगात उघडा हात घालायचा नाही, अंगाला खाज आणि पुरळ येऊ शकतं. पाणी तोंडाने ओढून सायफन करायचा नाही, कधीच.

४. बाटलीत काय टाकायचं आणि काय नाही

प्रत्येक जागेच्या तीन वेगळ्या बाटल्या. एक लुगोलची, मोजायला. एक जिवंत, काही न टाकता, ओळखायला. एक केमिकल टेस्टची, तिच्यात लुगोल चुकूनही नाही. क्लोरोफिल काढणार असाल तर तेही बिनलुगोलच्या पाण्यातूनच, आणि अंधारात ठेवून त्याच दिवशी फिल्टर करा.

लुगोल १०० मिलीला साधारण १ मिलीपर्यंत, रंग फिक्या चहासारखा आला पाहिजे. शेवाळ दाट असेल तर थोडं जास्त लागतं. फॉर्मेलिन वापरू नका असं मी सांगेन, अजून कितीतरी लॅबमध्ये वापरतात पण ते कॅन्सरकारक आहे आणि युग्लिनासारख्या नाजूक जिवांचा आकार त्यात बिघडतो.

नाव पेन्सिलने चिठ्ठीवर. मार्कर ओल्या बाटलीवरून पुसला जातो, माझ्या एका महिन्याच्या सहा बाटल्यांतली कुठली कुठल्या जागेची तेच कळेना, सगळी ट्रिप वाया गेली. तारीख, वेळ, जागा, किती लुगोल टाकलं, एवढं तरी लिहाच.

आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन ४० च्या पुढे, जिवंत सॅम्पल गाडीच्या डिकीत ठेवलंत तर लॅबमध्ये पोचेपर्यंत मेलेलं असेल. आइसपॅकच्या बॉक्समध्ये ठेवा, पण बाटली डायरेक्ट बर्फाला टेकवू नका, मधे ओला टॉवेल घाला, सोलापुरात टॉवेलला तर काही कमी नाही. झाकण पूर्ण घट्ट नको, वर थोडी हवा राहू द्या, आणि त्याच दिवशी बघा.

५. घरच्या घरी पहिली चाचणी

मायक्रोस्कोप नसलेल्यांनी ही करावी, असलेल्यांनीही करावी. काचेची पारदर्शक बरणी पाऊण भरा, न हलवता रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, खाण्याच्या वस्तूंपासून लांब. सकाळी हिरवा थर वर आला असेल तर बहुतेक नील-हरित शेवाळ आहे, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, त्यांच्या पेशीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात त्यामुळे ती तरंगतात. तळाशी बसलं तर दुसरं शेवाळ असण्याची शक्यता जास्त. दुसरी चाचणी काडीची: काडी तवंगात फिरवली आणि केसांसारखे धागे गुंडाळले गेले तर हिरवं तंतू शेवाळ, रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखी काडी माखून आली तर सायनोबॅक्टेरिया.

याने विष आहे का नाही ते कळत नाही. सायनोबॅक्टेरियातले काही मायक्रोसिस्टिन नावाचं लिव्हरला घातक विष बनवतात, सगळे नाही आणि कायमही नाही, त्याची टेस्ट वेगळी असते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे. पाणी उकळल्याने हे विष जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. अमेरिकेत टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये एरी तलावातल्या अशाच शेवाळामुळे लाखो लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं होतं, तेव्हाही उकळू नका हीच सूचना होती. आपल्या गावाला उजनीचं पाणी येतं म्हणून हे माहीत असलेलं बरं. तवंग दिसला तर जनावरांना तिथे पाणी पाजू नका एवढं गुराख्यांना सांगितलंत तरी मोठं काम झालं.

६. मायक्रोस्कोपखाली कोण कोण दिसतं

जिवंत सॅम्पल आधी बघा, लुगोलचं नंतर. लुगोलमध्ये सगळं तपकिरी होतं आणि रंगावरून ओळखता येत नाही, हालचालही बंद. पण लुगोलचा एक फायदा आहे: हिरव्या शेवाळातला स्टार्च निळा-काळा होतो, सायनोबॅक्टेरिया आणि युग्लिनात तसा होत नाही. दोन्ही शेजारी ठेवून बघितलं की गोंधळ निम्मा कमी होतो.

मायक्रोसिस्टिस म्हणजे जेलीच्या ढगात बारीक बारीक ठिपके, दाट असेल तर पाण्यात हिरवा रवा टाकल्यासारखं नुसत्या डोळ्यालाही दिसतं. ऑसिलेटोरिया सरळ धागा, आतून नाण्यांची चवड लावल्यासारखा, आणि जिवंत असेल तर हळूहळू सरकतो, डोलतो. अनाबेना बोरमाळेसारखी, मधेच एखादा मोठा, रिकामा दिसणारा मणी, त्याला हेटेरोसिस्ट म्हणतात, त्यात हवेतला नायट्रोजन पकडला जातो. हा मणी दिसला की थांबून विचार करा. फॉस्फरस भरपूर पण नायट्रोजन कमी, अशा पाण्यात या मंडळींचं फावतं, म्हणजे सांडपाणी आणि डिटर्जंटकडे बघायला पाहिजे. कॅनडातल्या लेक २२६ मध्ये शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मधे पडदा लावून तलावाचे दोन भाग केले, दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकला, फॉस्फरस फक्त एकीकडे. फॉस्फरसवाली बाजू हिरवीगार झाली, दुसरी नाही. तो विमानातून काढलेला फोटो बघितल्यापासून मला नाल्याच्या तोंडावरच्या जागेचं सॅम्पल कधी चुकवावंसं वाटलं नाही.

सेनेडेस्मस चार पेशी शेजारी शेजारी चिकटलेल्या, बऱ्याच जातींत कोपऱ्यांना काटे. पेडियास्ट्रम नक्षीच्या चकतीसारखं. युग्लिना लांबट, लाल ठिपका असलेला, अंग आखडत-पसरत पोहतो, सांडपाण्याच्या ठिकाणी हमखास. डायटॉम काचेच्या डबीत बसल्यासारखे: नेविक्युला होडीसारखी, निट्शिया काडीसारखी, सायक्लोटेला गोल नाण्यासारखी. कॉस्मेरियमसारखे डेस्मिड, कमरेत बारीक आणि दोन्ही अर्धे सारखे, यांच्या खूप जाती एकत्र मिळाल्या तर पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असण्याची शक्यता, पण एखादी जात मिळाली म्हणून लगेच खूश होऊ नका, काही डेस्मिड घाण पाण्यातही राहतात.

ओळख वंशापर्यंतच (जीनस) थांबवा. प्रजातीचं नाव लिहिलं की रिपोर्ट भारी दिसतो असं वाटतं, पण चुकीचं नाव असेल तर परीक्षक एका प्रश्नात पकडतात. प्रत्येकाचा स्केलसकट फोटो ठेवा. नावं बदलत असतात, पाण्यात तरंगणाऱ्या अनाबेनाच्या बऱ्याच जाती आता डोलिकोस्पर्ममखाली गेल्यात, अल्गीबेस या शेवाळांच्या नावांच्या वेबसाइटवर एकदा तपासून घ्या.

७. मोजायचं कसं

लुगोलचं एक लिटर मोजपात्रात घालून अंधारात ४८ तास बसू द्या. मग वरचं पाणी बारीक नळीने सावकाश काढा, नळीचं टोक वर वळवलेलं असू द्या म्हणजे तळ ढवळत नाही, ५० मिली ठेवा. म्हणजे २० पट दाट झालं.

इथे एक सापळा आहे, मायक्रोसिस्टिस बसतच नाही, वर तरंगतं, आणि वरचं पाणी काढताना तुम्ही नेमकं तेच फेकून देता. उपाय असा: लुगोल टाकायच्या आधी थोडं सॅम्पल मोठ्या सिरिंजमध्ये हवा न ठेवता भरा, तोंड बंद करा आणि दांडा जोरात दाबा. दाबाने त्या हवेच्या पोकळ्या फुटतात आणि मग ते खाली बसतं. तेवढंच सॅम्पल वेगळं लुगोल टाकून मोजा.

सेजविक राफ्टर सेल ५० बाय २० मिमीचा, खोली १ मिमी, बरोबर १ मिली मावतं. खुणांचा सेल असेल तर आत १००० चौकोन असतात. भरून १५-२० मिनिटं थांबा, मग कुठलेही ३० चौकोन मोजा, नुसते मधले नाही. उदाहरण: ३० चौकोनांत १२०० मिळाले, म्हणजे चौकोनाला ४०, म्हणजे मिलीला ४०,०००, २० पट दाट केलं होतं म्हणून भागिले २०, तलावात मिलीला २०००. शेवटचा भागाकार विसरणारे लई आहेत. मायक्रोसिस्टिसचा अख्खा गोळा एक मोजला का त्यातल्या पेशी मोजल्या, ते स्पष्ट लिहा, दोन्हीत शेकडो पटींचा फरक पडतो. सेल जाड असल्यामुळे ४० चं ऑब्जेक्टिव्ह सहसा फोकस होत नाही, जबरदस्ती केली तर लेन्सवर ओरखडा येतो.

८. पामर इंडेक्स, आणि माझी सगळ्यात मोठी चूक

पामर या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये सेंद्रिय प्रदूषण सहन करणाऱ्या २० वंशांना मार्क दिले. युग्लिना ५, ऑसिलेटोरिया ५, क्लॅमिडोमोनास ४, सेनेडेस्मस ४, क्लोरेला, नेविक्युला, निट्शिया प्रत्येकी ३, अँकिस्ट्रोडेस्मस, फॅकस, सिनेड्रा, स्टिजिओक्लोनियम २, बाकीच्यांना १. बेरीज २० किंवा जास्त आली तर सेंद्रिय प्रदूषण भरपूर, १५ ते १९ म्हणजे बहुतेक आहे. मिलीला निदान ५० मिळाले तरच तो वंश धरायचा. नुसता एक दिसला म्हणून मार्क देऊन बेरीज फुगवलेले प्रोजेक्ट मी स्वतः वाचलेत.

माझी चूक उलटी होती. शहराजवळच्या एका तलावाचं पाणी वाटाण्याच्या सूपासारखं झालं होतं, मी मोजलं, मायक्रोसिस्टिसच मायक्रोसिस्टिस, बाकी थोडंफार सेनेडेस्मस आणि निट्शिया. पामरची बेरीज ८. मी सरळ लिहिलं, "प्रदूषण कमी". गाइड सरांनी शांतपणे विचारलं, हे पाणी तू तुझ्या घरी प्यायला देशील का? तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पामरच्या यादीत मायक्रोसिस्टिसला, तेव्हाच्या ॲनासिस्टिस या नावाने, १ च मार्क आहे, मग ते मिलीला ५० असो का ५० हजार. हा इंडेक्स सांडपाण्यासारख्या सेंद्रिय घाणीसाठी बनवलेला आहे, खताने फुगलेल्या तलावातल्या सायनोबॅक्टेरियाचा धोका मोजायला नाही. एकच वंश सगळ्यांना दाबून बसला की बेरीज उलट कमी होते.

म्हणून पामर एकटा कधीच लिहू नका. सोबत हे द्या: एकूण संख्या, त्यात सायनोबॅक्टेरियाचा टक्का, सेक्की, आणि शॅनन विविधता इंडेक्स (किती वंश आहेत आणि त्यांची वाटणी किती सारखी आहे ते सांगणारा आकडा). पामर कमी, शॅननही कमी, सायनोबॅक्टेरिया ८०-९० टक्के आणि सेक्की अर्ध्या मीटरच्या आत, असं असेल तर तलाव आजारी आहे, बेरीज काहीही सांगो.

९. किती महिने

बारा महिने जमले तर उत्तम, नाही तर निदान उन्हाळा, पावसाळा, पावसानंतर आणि हिवाळा असे चार. उन्हाळ्यात पाणी आटून सगळं दाट होतं, पहिल्या पावसात गाळ आणि रस्त्याची घाण येते, पाऊस थांबून पाणी निवळलं की तेच खत शेवाळाला मिळतं. सिद्धेश्वर तलाव घेतला असेल तर जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी आणि नंतर, आणि गणपती विसर्जन जिथे होतं तिथे त्याच्याही आधी-नंतर एकेक जादा सॅम्पल घ्या. एका दिवसाच्या सॅम्पलवर "हा तलाव प्रदूषित आहे" असं लिहू नका, "या तारखेला या जागी हे मिळालं" एवढंच लिहा.

लुगोलच्या बाटल्या व्हायवा होईपर्यंत टाकू नका. काचेच्या बाटलीत, अंधाऱ्या कपाटात ठेवा, प्लॅस्टिक आयोडीन शोषून घेतं. दर दोन-तीन महिन्यांनी कपाट उघडून बघा, चहाचा रंग उडालेला दिसला तर दोन-चार थेंब लुगोल आणखी टाका आणि ती तारीखही चिठ्ठीवर लिहा.